बावीस हंड्यांचं बंदर

जव्हारच्या बाजारात झरीनाआपाच्या दुकानाला पाटी नाही. सकाळी साडेसातला पत्र्यावर हातोडी पडायला लागली की सगळ्या गल्लीला कळतं, आपा बसली. बादल्या, ट्रंका, धान्याच्या कोठ्या, नरसाळी, जे म्हणाल ते पत्र्यातून काढून देते. तिच्या वडिलांचं हे काम. मुलगा नव्हता, म्हणून पत्र्याचं दुसरं टोक धरायला त्यांनी आपाला बसवलं. ते गेल्यावर दोन्ही टोकं तिच्याच हातात आली. नवरा जुल्फिकारभाई दम्यानं बेजार, म्हणून तो पुढे खुर्चीत बसतो आणि गिऱ्हाइकाला सांगतो, "मापाचं हिला विचारा, चहाचं मला."

आपाचा एकच कायदा. तिच्या हातचं भांडं पाण्यानं काठोकाठ भरून एक अख्खा दिवस ठेवायचं. बुडाला ओल दिसली नाही तरच ते गिऱ्हाइकाला मिळतं. मे महिन्यात नळाला चार-चार दिवस पाणी नसायचं, तरी कायदा तोच. धान्याची कोठीसुद्धा ती पाण्यानंच तपासायची. एकदा मी म्हटलं, "आपा, हिच्यात नागली भरायची आहे, पाणी नाही."

"पांड्या, ज्याच्यातून पाणी जात नाही त्याच्यातून नागली जाईल का? अक्कल लाव जरा."

मी तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान. कचेरीतले लोक मला पांडुरंगराव म्हणतात, मोर्चातले पांडुभाऊ, आणि आपा पांड्या. शाळेत मी सातवीपर्यंत गेलो, पुढचं शिक्षण कचेऱ्यांच्या नोटीस बोर्डांवर झालं. हे सांगतो एवढ्यासाठी, की पुढे जो गोंधळ झाला त्याची सुरुवात माझ्या तोंडानं झाली. तो निस्तरला आपानं.

साल २००१. वांगणीच्या अलीकडे आमचा भोकरपाडा. एकोणीस घरं. पाडा आणि गाव यांच्या मधे एक तलाव. पावसाळ्यात तो फुगला की पाडा चार महिने पलीकडेच. तिथल्या अंगणवाडीची बाई नवशी गावात राहायची. पावसाळ्यात ती ट्रकच्या ट्यूबवर फळी बांधून, डोक्यावर पोरांच्या खाऊचं, सुकडीचं पोतं घेऊन पलीकडे जायची. बाई बोलायला कमी. तिचं माहेर वावरचं. ब्याण्णव-त्र्याण्णव साली वावर-वांगणीत भुकेनं पोरं गेली, ते तिनं दारात उभं राहून बघितलं होतं. त्यात तिच्या भावाची दोन पोरं होती. म्हणून ती ट्यूबवर बसायची. दुसरं काही कारण नाही.

कुणी तरी वरच्या साहेबांना सांगितलं, बाई ट्यूबवरून जाते. साहेबांनी कागद काढला: हे धोक्याचं आहे, सबब भोकरपाड्याची अंगणवाडी येत्या जूनपासून गावात हलवावी. म्हणजे तेवीस पोरं, सगळी सहा वर्षांच्या आतली, त्यांनी जेवायला तलाव ओलांडून यायचं! बाईला धोका, पोरांना नाही?

फेब्रुवारीत मी कचेरीत गेलो. टेबलावर हात आपटला. कारकून म्हणाला, "सुरक्षित होडी असेल तर बघता येईल. पण होडी तरंगती दाखवावी लागेल, सहा माणसांसकट, गळती नाही असं. पावसाळ्याआधी."

"किती तारखेआधी?"

"तुम्हीच सांगा."

"एकतीस मे! एकतीस मेच्या आत तरंगती दाखवतो. लिहून घ्या!"

त्यानं लिहून घेतलं. वर माझी सही घेतली. मी जिने उतरलो ते छाती काढून.

आता होडी आणायची कुठून? आमच्याकडे होडी करणारा कुणी नाही. एक दिवस स्टँडवर बटाटवडा खाल्ला, तेलकट कागद सरळ करून वाचला. कागद वाचल्याशिवाय मी टाकत नाही. त्यात मुंबईच्या एका कॉलेजची बातमी होती. जहाजांचं इंजिनिअरिंग शिकणारी पोरं शेवटच्या वर्षी स्वतःच्या हातानं काही तरी तरंगणारं बनवतात, म्हणे. मी पत्र टाकलं: तुमची पोरं खेळणी बनवण्यापेक्षा आमच्याकडे पाठवा. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. पंधरा दिवसांत प्राध्यापक नाबर स्वतः हजर झाले. उंच, सडपातळ, खिशाला चार पेनं. तलाव बघितला. तेव्हा त्यात छातीएवढं पाणी होतं. खूश झाले. सामान कॉलेज देणार, हात विद्यार्थ्यांचे, फक्त पत्र्यातला कुणी जाणता माणूस हवा.

मी त्यांना आपाकडे नेलं. त्यांनी तिच्यापुढे निळ्या रेघांचा नकाशा पसरला. आपानं तो उलटा धरला, सुलटा धरला, मग हळूच खालचा चहाचा कप उचलून त्याच्यावर ठेवला.

"सर, सांगा, लांब किती, रुंद किती, किती माणसं बसणार. चित्र पोरांना द्या, त्यांना बरं वाटेल."

मार्चमध्ये चार विद्यार्थी आले. त्यात डोंबिवलीची कविता आणि साताऱ्याचा नितीन हे दोघं लक्षात राहिले, कारण भांडायचे तेच. पहिल्या दिवशी चौघं कोरे हातमोजे घालून बसले. आपानं प्रत्येकाच्या हातात पत्र्याचा तुकडा ठेवला.

"नरसाळं करा."

नितीन म्हणाला, "मॅडम, आम्ही होडी करायला आलोय."

"मला मॅडम नको म्हणू, अंगावर काटा येतो. ज्याला नरसाळं येत नाही त्याच्या होडीत मी माझी बकरी बसवणार नाही. पत्रा गोल वळायला शीक, कड मुडपायला शीक, कथलाचा डाग देऊन सांधा बुजवायला शीक. मग होडी."

सहा दिवस चौघं नरसाळी करत होते. नितीनचं पहिलं नरसाळं बघून जुल्फिकारभाई म्हणाला, "छान आहे. टोपी आहे ना?" कविता बोटं कापून घ्यायची, हळद दाबायची आणि परत बसायची. सातव्या दिवशी तिच्या नरसाळ्यात आपानं खालून बोट लावून पाणी भरलं, दहा मिनिटं धरून ठेवलं. थेंब नाही. आपानं स्वतःची कातर तिच्याकडे सरकवली. कॉलेजच्या वहीत मात्र पंचाईत झाली. नाबर सरांनी 'पहिला आठवडा' या रकान्यात काय लिहायचं याचा फार विचार केला. शेवटी लिहिलं, नरसाळी, चार.

पुढे सर आणि आपा यांचं जुंपलं. होडी उलटली तरी बुडू नये म्हणून सरांना पुढे-मागे हवाबंद कप्पे हवे होते. त्याचा हिशोब फळ्यावर दोन दिवस चालला. आपानं तेलाचे आठ रिकामे डबे आणले, तोंडं डाग देऊन बंद केली आणि चार पुढच्या, चार मागच्या फळीखाली ठोकले.

"हे घ्या तुमचे कप्पे."

"पण आपा, यांचं घनफळ मोजलेलं नाही."

"पंधरा किलोचा डबा आहे, सर. सगळ्या हिंदुस्थानाला ठाऊक आहे."

सरांनी गणित केलं, दोनदा केलं, आणि डबे राहिले. एप्रिल संपता संपता होडी उभी राहिली: दहा फूट लांब, चार फूट रुंद, सपाट बुडाची, आत लोखंडी पट्ट्यांच्या बरगड्या. सगळी गल्ली बघायला आली. एकानं विचारलं, "आपा, एवढी मोठी परात कुणाच्या लग्नाची?"

मेच्या मध्याला टेम्पो जाईल तिथपर्यंत टेम्पो नेला. पुढे आठ जणांनी होडी उलटी करून डोक्यावर घेतली. समोरच्या टेकडीवरून बघणाऱ्यांना वाटलं, पत्र्याचं घर सोळा पायांनी चाललंय. मी पुढे वाट दाखवत, घोषणा देत. शेवटचा चढ चढलो, खाली तलाव दिसला, आणि घोषणा घशातच राहिली.

तलावात पाणी नव्हतं. तडे गेलेला चिखल. मधोमध अंगणाएवढं डबकं आणि त्यात तीन म्हशी. पाणी म्हशींच्या पोटालाही लागत नव्हतं.

सोळा पाय थांबले. आतून नितीनचा आवाज आला, "पांडुभाऊ, पोचलो का?"

नाबर सर माझ्याकडे बघत होते. "पांडुरंगराव, तारीख कुणी ठरवली?"

तारीख कुणी ठरवली! मी या मातीत जन्मलेला माणूस. मे महिन्यात आमच्या बायका दीड कोस जाऊन झऱ्यातून वाटीनं पाणी भरतात हे सांगत मी बारा मोर्चे काढले. त्याच मी मेमध्ये होडी तरंगवायचं लिहून दिलं होतं. डोकं तापलं की मला कॅलेंडर दिसत नाही. ते काय नवीन आहे? पण त्या दिवशी माझ्या तापल्या डोक्यापायी नवशीची अंगणवाडी जाणार होती. नवशी तिथंच उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

"आधी होडी सावलीत ठेवा," आपा म्हणाली. "भरून बघायची राहिलीये."

"आपा, आता भरून काय..."

"माझ्या हातचं भांडं आहे."

अंगणवाडीच्या अंगणात मोहाच्या सावलीत होडी ठेवली. आठवड्यातून दोनदा पाड्यावर टँकर यायचा आणि सगळं पाणी विहिरीत सोडून जायचा. विहिरीच्या तळाशी गाळ, त्यामुळे वर यायचा तो चहा. त्या दिवशी आपानं टँकर अडवला. "आधी इकडे." ड्रायव्हरनं पाइप होडीत सोडला. होडी काठोकाठ भरली. आपा चारी बाजूंनी रांगत, बुडाखाली हात घालून ओल शोधत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी उठली, गुडघे झटकले. "कोरडी. पास."

पण तोपर्यंत पाड्यातल्या बायकांनी होडीतलं पाणी बघितलं होतं. तळाचा पत्रा दिसत होता, इतकं नितळ. रुपीबाई, पाड्यातली वडीलधारी बाई, हंडा घेऊन आली, वाकली, भरला. मागून दुसरी. पुढच्या खेपेला टँकरवाल्याला कुणी सांगायची गरज पडली नाही, त्यानं सरळ होडीतच पाइप टाकला. होडीत मावायचे ऐंशी हंडे. घरटी चार. वर रुपीबाईनं साड्या शिवून झाकण घातलं आणि कुत्र्यांवर एक म्हातारी नेमली.

म्हणजे परिस्थिती अशी: पाणी जिच्यात नको ती होडी पाण्यानं भरलेली, आणि होडी जिथं हवी तो तलाव कोरडा. कविता वहीत डोकं घालून म्हणाली, "सर, हे आपल्या कुठल्याच प्रकरणात नाही."

एकोणतीस मेला साहेब येणार होते. सव्वीसला मी आपाला म्हटलं, "मी जातो कचेरीत. भांडतो."

"बस खाली. भांडूनच आलायस इथवर."

ती दगडावर बसून पान लावत होती. समोर मोठ्या बादलीत कुणी भांडी विसळलेलं तांब्याभर पाणी होतं. नितीननं हात धुवायला लहान बादली आणली आणि उचललेली ठेवायची कुठं म्हणून मोठीत ठेवली. आपाचं पान हातातच राहिलं. ती उठली, लहान बादलीत दोन दगड टाकले आणि तिच्या काठाला बोट लावलं. बादली गर्रकन फिरली.

"सर! इकडे या."

नाबर सर आले.

"ही बादली कशावर उभी आहे?"

सर वाकले. पुन्हा फिरवून बघितली. "तरंगतेय."

"पाणी किती?"

"तांब्याभर."

"आणि दगडांसकट बादलीचं वजन किती तांब्यांचं?"

सर सरळ झाले. "माझ्या दुकानाबाहेर पावसात बादल्या एकात एक ठेवलेल्या असतात," आपा सांगत होती. "आत थोडं पाणी गेलं की वरच्या उठतात, नाचायला लागतात. तीस वर्षं त्यांना शिव्या देतेय. होडीला तलाव कशाला पाहिजे? तिच्या मापाचा खड्डा पाहिजे, चार बोटं मोठा."

नाबर सरांनी कपाळावर हात मारला, चष्मा खाली पडला. "पोरांनो, हे मी वीस वर्षं फळ्यावर शिकवतोय. वीस वर्षं! मला एकदाही सुचलं नाही." कविता तोवर गणित करून मोकळी झाली होती. सहा माणसं, होडीचं वजन, चार बोटांची फट. "बावीस हंडे, सर."

बावीस हंडे. ते होते कुणाकडे? रुपीबाईकडे.

"होडी तुमची, घेवन जा," रुपीबाई म्हणाली. "पानी आमचा हाय."

"पाणी परत देतो, आजी," सर म्हणाले.

"तुमच्या पायाचा पानी आमी पिणार?"

दीड तास वाटाघाटी झाल्या. कचेरीतले अधिकारी मी नमवले आहेत, पण रुपीबाईपुढे मला कुणी उभं केलं नाही, ते शहाणपणाचं झालं. ठरलं ते असं. होडीचं बूड राखेनं तीनदा घासायचं. खड्ड्यात नवी ताडपत्री, तीही धुतलेली. पाण्यात कुणाचा पाय जाणार नाही, साहेबाचासुद्धा. आणि जेवढे हंडे ओतले तेवढे मोजून परत. एक हंडा सांडला तर चालेल, दुसरा पांडुभाऊनं झऱ्यावरून वाटीवाटीनं भरून आणायचा.

सत्तावीस आणि अठ्ठावीस खणण्यात गेले. मेमधला मुरूम, कुदळ मारली की ठिणगी. राखेनं होडीची रेघ मारली, भोवती चार बोटं सोडून खणलं. आपा खड्ड्यात उतरून तळहातानं कडा चाचपत होती. "इथं पोट आलंय, काप." कॉलेजची पोरं, पाड्यातले बाप्ये, मी, सगळे तिच्या एका बोटावर. नाबर सर घमेली वाहत होते. चार पेनांपैकी तीन खड्ड्यात पडली.

एकोणतीसला सकाळी दहाला साहेब आले. जीप सोडून चालत आल्यामुळे आधीच तापलेले. मी पुढे सरसावलो, तोच आपानं माझ्या डोक्यावर भरलेला हंडा ठेवला.

"हा जादाचा हंडा. सांडला तर झऱ्यावर जायचंय. हलू नकोस."

तेव्हा कळलं, ही व्यवस्था पाण्यासाठी नव्हती.

"होडी कुठाय?" साहेब.

"अंगणात," नवशी म्हणाली.

साहेबांनी बघितलं. मोहाखाली खड्डा, खड्ड्यात होडी, भोवती पाण्याची निळसर बारीक रेघ. होडीत नाबर सर, कविता, नितीन आणि पाड्यातले दोघे, सगळे अनवाणी आणि फोटो काढायला बसल्यासारखे ताठ.

"हा काय जलाशय झाला?" साहेब हसले. "पाणी किती आहे यात? बूड टेकलेलं असणार." माझ्या डोक्यावरचा हंडा डुचमळला. आपानं नुसतं माझ्याकडे बघितलं.

"साहेब, कागदात जलाशय लिहिलाय का?" तिनं विचारलं.

साहेबांनी कागद काढला, वाचला. 'तरंगत्या अवस्थेत, सहा व्यक्तींसह, गळती नसावी.' जलाशय नव्हता.

"बूड टेकलंय म्हणता? नवशी, दोरी घे."

नवशीनं राखेनं घासलेली दोरी घेतली. एक टोक तिच्या हातात, दुसरं रुपीबाईच्या. दोघी होडीच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या, दोरी टोकाखाली सोडली आणि पुढून मागपर्यंत चालत गेल्या. दोरी कुठंही अडली नाही. मागच्या टोकातून सुळकन बाहेर आली.

"आता बोट लावा," आपा म्हणाली. "एकच."

साहेबांनी एक बोट लावलं. पाच माणसांची होडी चार बोटं सरकली आणि पलीकडच्या काठाला हळूच टेकली. साहेबांनी स्वतःच्या बोटाकडे बघितलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन परत लावलं. मग तिसऱ्यांदा, विनाकारण.

"पण हे पाचच आहेत," त्यांना आठवलं. "सहा पाहिजेत."

"सहावे तुम्ही, साहेब. बूट काढा."

साहेबांनी बूट काढले, मोजे काढले. रुपीबाईनं त्यांच्या पायावर पाणी ओतलं, तेही निम्मा तांब्या. ते फळीवरून आत गेले. नवशीनं सुकडीचं पोतं त्यांच्या मांडीवर दिलं. होडी दोन बोटं खाली गेली, थांबली. डोंगराच्या माथ्यावर, एकोणतीस मेला, बावीस हंडे पाण्यात सहा माणसं तरंगत होती. वाऱ्याची झुळूक आली तशी होडी किंचित हलली. साहेबांनी पटकन दोन्ही कडा धरल्या.

"हालू नको रे साहेब," रुपीबाई ओरडली. "पानी सांडंल!"

अर्धा तास त्यांना बसवून ठेवलं. मग आपानं होडीच्या आत हात घालून तळाचा पत्रा चाचपून दाखवला. "बघा. कोरडी." साहेबांनी होडीतच बसून, पोत्यावर कागद ठेवून सही केली. उतरल्यावर नवशी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"म्हणजे माझी पोरं इथंच जेवतील ना?"

"इथंच, बाई."

नवशी मागं फिरली, अंगणवाडीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. पाच मिनिटांनी बाहेर आली ती डोळे पुसून, हातात सुकडीचं भांडं. साहेबांना आधी वाढलं.

पाणी परत मोजलं. एकवीस हंडे भरले. सांडायची मुभा एकाचीच होती, म्हणजे चुकलं काहीच नव्हतं. पण मी आनंदात दोन्ही हात वर केले आणि डोक्यावरचा आडवा झाला. दुसऱ्या दिवशी मी झऱ्यावर होतो. वाटीनं हंडा भरायला दोन तास लागतात, हे आता भाषणात सांगताना मी जरा वेगळ्या आवाजात सांगतो.

त्या पावसाळ्यात चार महिन्यांत अंगणवाडी एकच दिवस बंद राहिली, मोठा पूर आला तेव्हा. आणि एकदा बाप्यांनी न विचारता होडी मासे धरायला नेली. त्या दिवशी सुकडीला मासळीचा वास आला आणि पोरांनी दुप्पट खाल्ली. नवशीनं वजनं वहीत लिहिली आणि मला बोलावून दाखवली. तेवीस नावं होती. पावसाळा संपला तरी तेवीसही पोरं होती.

कॉलेजनं आपाला मानाचं प्रमाणपत्र पाठवलं. जुल्फिकारभाईनं त्याला पत्र्याची चौकट करायला सांगितली. आपानं चौकट केली, पण भिंतीवर लावायच्या आधी तिच्यात पाणी भरून बघितलं. दरवर्षी मार्चमध्ये नवे चार विद्यार्थी येतात, नरसाळी करतात, बोटं कापून घेतात. मेमध्ये होडी मोहाखाली जाते, टँकर तिच्यात पाइप सोडतो आणि रुपीबाई साड्यांचं झाकण घालते. पावसात तलाव भरला की होडी परत तिकडे. एकदा नव्या पोरानं विचारलं, "आपा, हिचा मूळ उपयोग काय?"

आपा पत्रा कापत होती. मान वर केली नाही.

"नवशीला विचार. आणि तुझं नरसाळं दाखव आधी."